खळ घातलेलं स्वेटर

घाटंजीत भर वैशाखात स्वेटर विणत बसलेली मुलगी लोकांनी माझ्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतरही कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, छपराच्या पत्र्याला हात लावला तर फोड यायचा, आणि मी डोक्यावर ओलं फडकं घेऊन ओसरीवर बांबूच्या दोन सुया चालवत बसलेली. शेजारची गंगामावशी घागर घेऊन जाताना थांबायची आणि विचारायची, "काहून वो लिले, तुले हिव भरलं का?" रोज तोच प्रश्न, रोज तेच हसणं. मला राग यायचा. तेव्हा मला कशाचाही राग यायचा. सतरा वर्षांची होते, आणि घरात शहाणी काय ती मी एकटीच, अशी माझी पक्की समजूत होती.

स्वेटर मायसाठी होतं. आमच्या वस्तीतल्या बाया कापूस वेचायला, निंदायला गेल्या की आपली लहान पोरं आमच्या दारात सोडून जायच्या. कुणी ठरवलं नव्हतं, ते होत गेलं होतं. माय त्यांना सावलीत बसवायची, चिंचोके मोजायला लावायची, खडूच्या तुकड्यानं फरशीवर अ आ काढून द्यायची, आणि एकीकडे तिची भाकर थापणं चालूच असायचं. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. एकदा ग्रामसेविका बाई कसल्याशा कामानं आल्या, दारात उभ्या राहून बराच वेळ हे सगळं पाहत राहिल्या आणि मायचं नाव लिहून घेऊन गेल्या. वस्तीत बालवाडी सुरू व्हायची होती आणि तिची बाई माय होणार होती. अट एकच होती. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला पंधरा दिवसांचं शिबिर होतं, ते करून यायचं. जी शिबिराला येणार नाही तिच्या जागी दुसरी घेणार, हेही त्यांनी जाताना स्पष्ट सांगितलं.

शिबिराची चिठ्ठी आली त्या दिवसापासून माय कारणं काढायला लागली. बकरीचं दूध कोण काढणार? गंगामावशी म्हणाली, मी काढते. तुझ्या बाबांची भाकर कोण करणार? बाबा जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. घरी आल्यावर बोलायचे कमी आणि हसायचे जास्त. ते म्हणाले, "लिला करंल. नाई जमलं तं मी करतो. लग्नाच्या आधी काय मी माती खात होतो?" मग कुरड्या राहिल्यात. त्या आधीच करू. मग मायनं शेवटचा पत्ता टाकला. चुलीसमोर बसून, पदरानं मानेवरचा घाम पुसत ती म्हणाली, "तिथं लई थंडी असते म्हणतात. उन्हाळ्यात बी. मले थंडी सोसत नाई." बाबांना हसू आवरेना. ते म्हणाले, गोधडी घेऊन जा. माय म्हणाली, "चार शिकलेल्या बायांत गोधडी पांघरून बसू का?" नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कळत होतं. पण अंगणच सरळ करून ठेवलं तर बाई नाचायला तरी उभी राहील, असं माझ्या डोक्यात आलं.

मे महिन्यात घाटंजीच्या बाजारात लोकर मागितली असती तर दुकानदारानं मला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंजवळ पांढऱ्या सुताच्या लडी होत्या, आणि एका जुन्या मासिकातून फाडलेलं पान होतं. पानावर पुढून उघडणारं, जाळीच्या नक्षीचं, गुंड्या असलेलं स्वेटर घातलेली एक गोरी बाई हसत उभी होती. खाली लिहिलं होतं, उन्हाळी कार्डिगन. उन्हाळ्यात घालायचं स्वेटर ही कल्पनाच मला इतकी श्रीमंत वाटली की मी ते पान उशाशी घेऊन झोपायचे. बाई सुट्टीला माहेरी जाण्याआधी आठ दिवस मी त्यांच्या घरी जाऊन सुलट टाके, उलट टाके आणि जाळी शिकले. बाबांनी सूत अंगठ्याखाली चोळून पाहिलं आणि म्हणाले, "धागा लांब आहे, दगा नाई देणार." बाजारातल्या बुरडाकडून त्यांनी बांबूच्या सुया करून आणल्या आणि काचेच्या तुकड्यानं घासून, तेल लावून गुळगुळीत करून दिल्या. त्या सुया आजही माझ्याजवळ आहेत. एक जरा वाकली आहे, तशी मीही वाकले आहे.

त्या दिवसांतला घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. पहाटे पाट्यावर भिजलेल्या गव्हाचा घसघस आवाज, कारण माय कुरड्यांच्या मागे लागली होती. तीन दिवस भिजवलेला गहू वाटायचा, चोथा काढायचा, खाली बसलेला पांढरा चीक चुलीवर शिजवायचा आणि साच्यातून बाजेवर कुरड्या पाडायच्या. गरम चीक वाटीत घेऊन, वर तेल-तिखट घालून खायचा, तो आमचा वैशाखातला नाश्ता. जेवायला भाकर, कांदा आणि चून, म्हणजे बेसनाचं पिठलं. दुपारी वर पत्र्याचं कडकड वाजणं आणि खाली माझ्या सुयांची टकटक. माय येता-जाता विणलेला तुकडा उचलून पाहायची, जाळीच्या भोकातून बोट घालायची आणि म्हणायची, "इतके भोकं ठेवले तं थंडी थांबंल कशी?" मला वाटायचं, हिला नाहीच जायचं, आणि मी आणखी जोरात विणायचे.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेवटचा टाका बंद केला. पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या जोडल्या, सुताचे शेंडे आतून लपवले, बाबांच्या जुन्या सदऱ्याच्या सहा गुंड्या लावल्या आणि स्वेटर बाजेवर पसरलं. सांगते, मला रडू आलं. कडा गुंडाळून येत होत्या, जाळी चुरगळून बसली होती, एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड दिसत होती. त्या पानावरच्या गोऱ्या बाईशी याचा काही संबंध नव्हता. पण बाईंनी जाताना वहीच्या कागदावर लिहून दिलं होतं: विणून झाल्यावर घाबरू नये. पाण्यात भिजवून, पीळ न देता दाबून, सपाट पसरून, मापाप्रमाणे ताणून टाचण्या लावाव्यात आणि सावलीत वाळू द्यावं. तेव्हाच ते खरं स्वेटर होतं. मी ते बादलीत भिजत टाकलं आणि टाचण्या आणायला बाजारात गेले. भिजत का टाकलं, पुढे काय करायचं, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. ही चूक माझी होती. ती कबूल करायला मला अर्धं आयुष्य लागलं, म्हणून इथे लिहून टाकते.

दुकानदार जेवून, झोपून चारला उठायचा. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले आणि शेवटी त्यानं दिलेली टाचण्यांची पुडी घेऊन घरी आले. अंगणात शिरले आणि जागीच थांबले. तारेवर माझं स्वेटर उन्हात लटकत होतं, दोन्ही खांदे तारेला अडकवलेले. ओल्या सुताच्या वजनानं ते ताणून गुडघ्यापर्यंत आलं होतं. बाह्या त्याहून खाली. रंग निळसर झाला होता, कारण त्याला नीळ दिली होती. मी हात लावला तर ते वाकेना. मायनं कुरड्यांचा उरलेला चीक पातळ करून त्याला खळ घातली होती, आणि ती वऱ्हाडातल्या उन्हात दोन तासांत अशी कडक वाळली होती की मी ते तारेवरून काढलं तेव्हा ते हातात आडवं राहिलं. अर्धं स्वेटर आणि अर्धी कुरडई. करायला गेले एक आणि झालं भलतंच. पुडीतल्या टाचण्या पाहिल्या तर त्याही गंजलेल्या.

मी ते पाटीसारखं स्वेटर घेऊन घरात गेले. माय पीठ चाळत होती. बाबा त्या दिवशी लवकर आले होते आणि भिंतीला टेकून बसले होते. मी म्हणाले, "तुले जायचंच नव्हतं, माय. सरळ नाई म्हणायचं होतं. मी इतके दिवस बसून विणलं अन् तू मुद्दाम त्याचा सत्यानाश केला." मायनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वेटरकडे पाहिलं. तिला काय चुकलं तेच कळलं नव्हतं. "सत्यानाश कायचा?" ती म्हणाली. "चांगली कडक खळ बसली." मी आणखी काही बोलणार होते. ते काय होतं ते आठवतं, पण लिहिणार नाही. बाबा मध्येच म्हणाले, "लिले, दारामागं पाह्य आधी."

दारामागे खुंटीला पिशवी होती. मी ती उतरवून पाहिली. आत मायचं पांढरं लुगडं होतं, खळ घालून चौकोनी घडी केलेलं. साबणाची डबी, नवी वही, टोक काढलेली पेन्सिल, आणि फडक्यात बांधलेले चिंचोके. आमच्या घरात वर्षातून दोनदाच खळ व्हायची, जयंतीला आणि वैशाख पौर्णिमेला. तेव्हा बाबांचा पांढरा सदरा आणि हे लुगडं कडक होऊन तारेवर उभं राहायचं, आणि ते घालून आम्ही विहारात जायचो. बाकी कुठल्याही कपड्याला, कुणाच्या लग्नाला जायचं असलं तरी, मायनं कधी खळ घातली नाही. ती घरातली सगळ्यात मोठी इभ्रत होती. मी पिशवी धरून उभी होते. माय मागून म्हणाली, "चार बायांत जायचं तं असं लुळं-लुळं घालून जाऊ का, बापा? म्हून घाल्ली खळ. दोन दिवस झाले पिशवी भरून." मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी दाराकडे तोंड करून रडायला लागले. मायनं चाळणी खाली ठेवली. "आता रडत नको बसू," ती म्हणाली, "काय करायचं ते सांग. उद्या सकाळी गाडी आहे."

बाबा म्हणाले, सुताला गरम पाणी दाखवलं की ते आकसतं, जिनिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. चुलीवर पाण्यानं भरलेला मोठा गंज चढवला. तीन पाण्यांत खळ निघाली. चौथं पाणी कडकडीत घातलं, आणि स्वेटर खरंच आत ओढलं जाऊन पुन्हा माणसाच्या मापाजवळ आलं. मग ते जुन्या लुगड्यात गुंडाळून मी आणि मायनं त्यावर पाय देऊन पाणी काढलं, एकमेकींचे खांदे धरून, नाचल्यासारखं. गंजलेल्या टाचण्या लावल्या तर पांढऱ्या सुतावर डाग पडले असते. माय म्हणाली, बाभळीचे काटे घ्या, ते काही गंजत नाहीत. बाबा उठून अंगणाच्या कुंपणाला गेले आणि लांब पांढरे काटे एकेक मोडून थाळीत आणू लागले. "आजवर पायातले काढले," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा मोजून आणून राह्यलो."

राहिलं माप. टेप घरात नव्हता. कागदावर लिहिलं होतं मापाप्रमाणे, पण माप कुणाचं तर मायचं, आणि ती समोरच उभी होती. मी घरात जमिनीवर गोधडी पसरली आणि तिला म्हणाले, झोप. ती हात पसरून उताणी झोपली. मी तिच्याच खडूचा तुकडा घेऊन तिच्या भोवती रेघ काढायला लागले. मानेपासून खांदा, खांद्यापासून मनगट, मग काखेतून खाली कमरेपर्यंत. काखेत खडू लागला की ती गुदगुल्यांनी हलायची आणि रेघ वाकडी जायची. मी रागवायचे, बाबा हसायचे. तेवढ्यात गंगामावशी बकरीचं विचारायला दारात आली. माय जमिनीवर सरळ पडलेली, मी डोळे सुजवून तिच्याजवळ बसलेली, बाबा हातात काट्यांची थाळी घेऊन उभे. मावशीच्या हातातून भांडं पडलं. "काय झालं वो बाईले?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मायनं मान उचलली. "मेली नाई अजून," ती म्हणाली. "माप देऊन राह्यली." त्यानंतर बराच वेळ आमच्यापैकी कुणालाच काही काम सुचलं नाही.

हसू ओसरल्यावर, मी दुसऱ्या हाताची रेघ काढत असताना, ती छपराकडे पाहत हळूच म्हणाली, "लिले, तिथं मले कोणी काही पुसलं, अन् नाई आलं तं?" हेच ते कारण होतं. बकरी नाही, कुरड्या नाहीत, थंडी तर नाहीच. इतके दिवस मी स्वेटर विणत होते आणि तिला भीती भलत्याच गोष्टीची वाटत होती. मी म्हणाले, "तं म्हणायचं, नाई येत, शिकाले आली." तिनं हात जरा आणखी पसरला, म्हणजे मला रेघ नीट काढता यावी.

ओलं स्वेटर आम्ही त्या रेघेवर मांडलं. ताणायचं, कडेला काटा टोचायचा, पुढे सरकायचं. माय माझ्यापेक्षा भराभर करत होती, तिच्या बोटांना कुरड्या सारख्या करायची सवय होती. जाळीतलं एकेक भोक उघडलं. आखूड बाही लांबीला आली. गुंडाळलेल्या कडा सरळ झाल्या. दाराखिडकीतून येणारी झळ, जिला आम्ही रोज शिव्या द्यायचो, ती त्या दिवशी आमच्या बाजूची झाली आणि रात्री निजायच्या आत स्वेटर वाळलं. काटे काढले, मायनं अंगात घातलं, आणि बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. नीळ पुरती गेली नव्हती, चिकाचा वासही थोडा येत होता. पण मासिकातल्या त्या बाईला ते असं बसलं नसतं, कारण तिच्याभोवती कुणी खडू फिरवला नव्हता.

माझी नात पुण्याला असते आणि आता तीही विणते. तिच्याकडे रबरी चटया आहेत, न गंजणाऱ्या टाचण्या आहेत, आणि सगळं तिला मोबाइलवर पाहायला मिळतं. या गोष्टीला ब्लॉकिंग म्हणतात हे तिनंच मला सांगितलं. मी तिला बाभळीचे काटे पाठवू का म्हणून विचारलं तर ती म्हणाली, आजी, कुरिअरवाला घेणार नाही. खळीचं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे प्रकरण वाचेल तेव्हा कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर जाताना मायनं ते स्वेटर घरूनच घातलं. पिशवीत ठेवलं तर चुरगळेल म्हणाली. सकाळी सातलाच ऊन भाजत होतं. ग्रामसेविका बाई आधीच गाडीत बसल्या होत्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि शहाण्या बाईसारख्या गप्प राहिल्या. कंडक्टर मात्र गप्प राहिला नाही. "बाई, ताप आहे का अंगात?" त्यानं विचारलं. "नाई," माय म्हणाली, "चिखलदऱ्याले चालली." सगळी गाडी हसली. तीही हसली, पण एकही गुंडी काढली नाही. गाडी वळेपर्यंत खिडकीतून एक पांढरी बाही बाहेर हलत होती.

पंधरा दिवस आम्ही बाबांच्या आणि माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या. कुणाच्या जास्त वाईट होत्या हे अजून ठरायचं आहे. ती गोधडी मी दुसऱ्याच दिवशी झटकायला घेतली होती, तर बाबांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजेवर तशीच पसरून ठेवली. तिच्यावर ते झोपले नाहीत, मलाही बसू दिलं नाही. "खडू पुसून जाईल," एवढंच म्हणाले. संध्याकाळी कामावरून आले की ते चहा घेऊन त्या बाजेजवळ खाली बसायचे.

माय परत आली ती दुपारच्या गाडीनं. घरात आली, पाणी प्यायली, बकरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि पिशवीतून स्वेटर काढून माझ्यापुढे धरलं. ते वाकत नव्हतं. बाह्या दोन बाजूंना कडक उभ्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. "शेवटच्या दिवशी साहेब येणार होते," ती म्हणाली. "मंग खळ नको का? तिथल्या स्वयंपाकघरात भाताची पेज मिळाली." मी ते तसंच खुंटीला अडकवलं. एकदा बोलले होते तेवढं पुरे होतं.

मग मी जे विचारायचं ते विचारलं. "माय, पुसलं का कोणी काही?"

"पुसलं."

"आलं?"

"नाई आलं. मी म्हटलं, नाई येत, शिकाले आली."

"मंग?"

"मंग त्यायनं शिकवलं," माय म्हणाली, आणि दारात जमलेल्या पोरांना आत बोलावून तिनं पिशवीतले चिंचोके फरशीवर ओतले.

बाबा उठले. त्यांनी बाजेवरची गोधडी उचलली, अंगणात नेली आणि दोन्ही हातांनी जोरात झटकली.